आपण म्हणजे कोण कोण

आपल्याला

"उद्या किती वाजता निघायचंय आपल्याला?" अक्कांनी विचारलं आणि चाकांची बॅग उंबरठ्यावरून धडाम्‌दिशी आत घेतली.

थोरलीच्या हातात बटाटे सोलायची सुरी होती. ती हातातच राहिली.

अक्का जेवायला येणार हे ठरलेलं होतं. उद्या सकाळच्या गाडीने थोरला आणि थोरली आठ दिवस तळ्याकाठी राहायला चालले होते, म्हणून आज दुपारी जवळच्या माणसांनी एकत्र जेवायचं, हसायचं-खिदळायचं, एवढाच बेत. थोरल्याची सख्खी मोठी बहीण नाही यायची तर कोण येणार? पण जेवायला येणारा माणूस बॅग घेऊन येत नाही. आणि डोंगर चढायचे नवेकोरे बूट घालून तर नाहीच नाही.

"कुणाला?" थोरलीने विचारलं.

"काय कुणाला?"

"निघायचंय. कुणाला म्हणालात?"

"अगं थोरले, आपल्याला! तुला, मला, बाब्याला. झोप झाली नाही का तुझी?" अक्कांनी बूट दाखवायला एक पाय पुढे केला. "बघ. दुकानदार म्हणाला, या वयात कशाला एवढे भारी. म्हटलं, वयाचं तू बघू नकोस, तळव्याचं बघ."

अक्का मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. त्याला जमाना लोटला, तरी अजूनही खोलीत शिरल्या की आधी डोकी मोजायच्या आणि मग बसायच्या. आत्ताही त्यांनी हॉलभर नजर टाकली, "बाब्या कुठंय?" म्हणून विचारलं (थोरल्याला त्या अजूनही बाब्याच म्हणायच्या) आणि उत्तराची वाट न बघता बॅग मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

थोरली स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी. तिची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर गेली होती. आवाजावरून माणूस ओळखायचा, एका शब्दावरून त्याची घाई ओळखायची, आणि 'थांबा, जोडून देते' म्हणायचं. तिच्या कानात तो एक शब्द माशीसारखा घोंगावत राहिला. आपल्याला.

आणि मग तिला तो फोन आठवला.

रविवारी थोरल्याने अक्कांना फोन केला, तेव्हा ती समोरच बसून उशांना अभ्रे घालत होती. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "अक्का, आपण चाललोय तळ्यावर! मस्त लाकडी घर आहे, दारात पाणी! आठ दिवस नुसती मजा करायची आपण!" ऐकलं, आणि सोडून दिलं. कारण थोरल्याचं 'आपण' ऐकून ऐकून तिच्या कानाला घट्टे पडले होते.

'आम्ही' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत आला, बसला, त्याला पाणी द्यायचं. हे शेंबड्या पोराला कळतं. पण थोरल्याने जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली होती, आणि बसमध्ये 'आम्ही' नसतं. 'आपण इथे चहाला थांबू.' 'आपल्याला जरा उशीर होणार.' 'आपलं चाक बसलंय, खाली उतरा.' रडणारी पोरं, भांडणारी जोडपी, खिडकीवरून जुंपलेले म्हातारे, सगळे त्या एका शब्दात मावायचे, शिवाय टपावरचं सामान. नोकरी संपली, बस गेली, शब्द राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाईला बाळ झालं, तेव्हा हा जिन्यात उभा राहून सगळ्यांना ओरडून सांगत होता, "आपल्याला मुलगी झाली!" त्या बाईचा नवरा नंतर बरेच दिवस याच्याकडे तिरका बघत होता.

ते निस्तरलं. हे कसं निस्तरायचं?

तू सांग

थोरला बेडरूममध्ये बॅगेवर बसून तिची चेन ओढत होता.

"अक्का बॅग घेऊन आल्यात," थोरलीने दार लोटून घेतलं.

"बरं झालं. माझा स्वेटर मावत नाहीये, तिच्या बॅगेत टाकू."

"अहो, त्या येतायत. उद्या. तळ्यावर."

"कोण म्हणालं?"

"तुम्ही."

"मी?"

"फोनवर. आपण चाललोय, आपण मजा करायची."

"मग? आपण चाललोय. आपण म्हणजे आपण दोघं."

"हे मला सांगताना. अक्कांना सांगताना आपण दोघं म्हणजे आम्ही दोघं."

थोरला चेन सोडून विचारात पडला. "असं असतं?"

"असंच असतं. पहिल्यापासून."

"मग आता?"

"आता सांगा त्यांना."

"मी?" थोरला बॅगेवरून उठला, तशी बॅग फुसकन उघडली. "तू सांग ना. तुला सवय आहे. नाही म्हणायची पण गोड आवाजात. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं."

"बहीण कुणाची?"

"माझी. म्हणूनच. लहानपणी तिने मला माळ्यावर कोंडलं होतं, तुला माहितेय."

"तुम्ही त्यांची बाहुली विहिरीत टाकली होतीत, तेही माहितेय."

"मग तेच म्हणतो मी." त्याने डोकं खाजवलं, खिडकीकडे बघितलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला. "येऊ दे की गं! काय बिघडतं? पत्ते तरी खेळता येतील. दोघांत काय खेळणार?"

 उघडलेल्या बॅगेतून एक मोजा बाहेर लोंबत होता, तो थोरलीने आत कोंबला आणि बटाट्यांकडे परत गेली.

तिला काय हवं होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. माणसांत थोरला म्हणजे भरलेली मैफल. चार डोकी जमली की घाटातल्या धुक्याची, बंद पडलेल्या ब्रेकची, बसमध्ये जन्मलेल्या कोकराची गोष्ट. हात हलवून, आवाज काढून. लोक जेवण विसरायचे. आणि माणसं उठून गेली, दार लागलं, की तोच माणूस 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर दिवस काढायचा.

एरवी कळलंही नसतं. लग्न झालं तेव्हा घरात सासू-सासरे, दोन दीर. मग धाकट्या दिराने घर सोडलं, त्याची रामायणं. मग मुलं. आणि हा आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. आता मुलं गेली, तर संध्याकाळी त्याचा जुना कंडक्टर येऊन बसतो आणि कंडक्टर नसला तर टीव्ही बोलतो. दोघंच, असे ते कधी झालेच नव्हते. मग एके दिवशी थोरलीच्या मनात आलं: खोलीत तिसरं कुणीच नसेल, तर आपल्या दोघांत काही उरतं का? की आपण नुसते एका स्टँडवर उभे राहिलो इतकी वर्षं?

हे बघायला आठ दिवस हवे होते. तळ्याकाठचं घर तिनेच शोधलं, फोनही तिनेच केला. पलीकडची बाई म्हणाली, "फक्त दोघंच?" थोरली म्हणाली, "दोघंच," आणि फोन ठेवल्यावर 'दोघंच' असं स्वतःशीच आणखी एकदा म्हणून बघितलं. थोडी भीतीही वाटली.

तुम्ही, आम्ही, सगळे

"चला, पुढे सरका, मधे थांबू नका, आत जागा आहे!"

कंडक्टर आला. त्याला बेल वाजवायची सवय नव्हती, तो दाराबाहेरूनच ओरडायचा. थोरल्याच्याच बसवर तो तिकिटं फाडायचा, म्हणून थोरल्याला 'उस्ताद' म्हणायचा आणि अजूनही त्याच्या मागूनच चालायचा. बरोबर त्याची बायको. बायकांचे कपडे शिवायची, म्हणून सगळ्यांची टेलरबाई. गळ्यात मोजायची टेप घालूनच ती जन्माला आली असावी. आत्ताही होती.

"टेप काढ गं निदान जेवताना," थोरली म्हणाली.

"काढली तर मला थंडी वाजते. हे काय, अक्का! आणि या बुटांत! कुठे लढाईवर?"

"तळ्यावर," अक्का म्हणाल्या. "आम्ही तिघं."

टेलरबाईने थोरलीकडे बघितलं. थोरलीने बटाट्यांच्या भांड्याकडे. कंडक्टरला हे असलं काही दिसत नाही. तो एकदम खूश.

"वा! मग उस्ताद, आम्हीही चढतो की! उभ्याने येऊ!"

"चला की! आपण सगळेच—" थोरला म्हणाला आणि थोरलीची नजर रोखलेली दिसताच पाणी प्यायला लागला.

स्वयंपाकघरात टेलरबाईने दार पायाने लोटलं. "हे काय ऐकतेय मी?"

थोरलीने चार वाक्यांत सांगितलं.

"या पुरुषांच्या जिभेला अस्तर लावायला हवं," टेलरबाई म्हणाली. "थांब. माझ्या नवऱ्याला लावते कामाला. अक्कांना तोच बोलू शकतो, त्याला अपमान कळत नाही."

ती बाहेर गेली, नवऱ्याच्या कानाला लागली. कंडक्टरने मान डोलवली, खुर्ची पुढे ओढली. बटाटे, कोंबडी, काकडी, पाव, सगळं टेबलावर आलं आणि कंडक्टरने तोफ डागली.

"अक्का, त्या तळ्यावरची नाव म्हणे लहान असते. दोघांचीच."

"दोन फेऱ्या मारेल."

"डास फार आहेत."

"मलम घेतलंय. काकडी दे."

"खोली एकच आहे हो."

"एका खोलीत मी सहा-सहा मुली ठेवल्यात. त्यातली एक झोपेत चालायची. तीन म्हाताऱ्यांचं काय घेऊन बसलास!"

"उस्ताद घोरतो!"

"पाळण्यात होता तेव्हापासून ऐकतेय. त्याशिवाय मला गाढ झोप लागत नाही."

कंडक्टरने बायकोकडे बघून खांदे पाडले. मग टेलरबाई स्वतः उतरली. "मी काय म्हणते अक्का, नवरा-बायकोला कधीतरी जरा... एकटं..."

"या वयात?" अक्का खळखळून हसल्या. "काय करणारेत एकटे? एकमेकांचे चष्मे शोधणार!"

सगळे हसले. थोरल्याला तर ठसका लागला. थोरलीलाही हसू आलं, आणि आलं याचा रागही आला.

तेवढ्यात लेकीचा फोन. थोरल्याने स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला, म्हणजे 'आपल्याला' सगळ्यांना ऐकू येईल.

"काय चाललंय? दंगा?"

"आत्या बोलतेय," अक्का फोनवर वाकल्या. "मीपण जातेय गं तळ्यावर."

"खरंच? आत्या! भारी! आई, हे बेस्ट केलंत तुम्ही. मला काळजीच होती, तुम्ही दोघं तिथे करणार काय? भिंतीकडे बघत बसाल. तुम्ही दोघं बोलताना मी घरात कधी ऐकलंच नाही. 'गॅस बंद केला का' सोडून!"

पुन्हा सगळे हसले. "केला होता बंद," थोरला फोनला म्हणाला, आणखी हशा पिकला. पण मग त्याने ताटातली काकडी उगाच इकडून तिकडे सरकवली, हे थोरलीने बघितलं.

लेक आत्याच्या बाजूने बोलणार, यात नवल नव्हतं. तिचा संसार मोडला त्या वर्षी आईबाप 'अजून एकदा बोलून बघ' एवढंच घोकत बसले होते. अक्कांनी काही न विचारता तिला आणून स्वतःच्या क्वार्टरमध्ये ठेवली, वर्षभर सांभाळली, आणि दर रविवारी थोरलीला फोन करून 'जेवते, झोपते, हसायलाही लागलीय' एवढं चार शब्दांत सांगितलं. त्या ऋणाचा कुणी कधी उच्चार केला नव्हता. म्हणून ते जास्त जड होतं.

अशा बाईला दाराबाहेर कसं ठेवायचं? थोरलीने टेबलावरून नजर फिरवली. लेक अक्कांकडे, नवरा वाऱ्यावर, कंडक्टर कोंबडीकडे. आपल्या बाजूला एक टेप.

मी

जेवणं झाल्यावर पुरुषांनी पत्ते काढले. टेलरबाई थोरल्याच्या पायघोळ पँटची खालची शिवण उसवून नीट करायला बसली. प्रवासाला असली पँट घालून जायचं म्हणजे शिवणाऱ्याची बदनामी, असं तिचं म्हणणं. पँटमध्ये थोरला नव्हता. तो लुंगी गुंडाळून पत्ते पिसत होता आणि कोकराची गोष्ट सांगत होता, जी ऐकणाऱ्या दोघांनाही पाठ होती.

थोरली मागच्या खोलीत गेली. अक्का पलंगावर बॅग उघडून बसल्या होत्या.

"बरं झालं आलीस. दार लाव. हसायचं नाही, आधीच सांगते." अक्कांनी टॉवेलच्या घडीतून एक निळा पोहायचा पोशाख काढला. त्याला अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती. "लहानपणी नदीत पोहायचे मी. बाब्यापेक्षा भारी. मग राहूनच गेलं. म्हटलं, दारात पाणी आहे, बघणारं कुणी नाही. बघतील तर बघतील."

 थोरलीला वाटलं, राहू दे. आठ दिवसच तर आहेत. पत्ते खेळू.

आणि तिला हेही कळलं, की आत्ता 'राहू दे' म्हटलं, तर पुन्हा कधी म्हणजे कधीच 'दोघंच' म्हणायचं धाडस तिला होणार नाही.

"अक्का, एक चूक झालीय." बोर्डावरचा गोड आवाज तिने मुद्दाम काढला नाही. "यांनी तुम्हाला फोनवर 'आपण' म्हटलं. म्हणायचं होतं 'आम्ही'."

अक्कांचा हात पोशाखावर थांबला. बाहेरून कंडक्टर ओरडला, "हुकूम!"

"बाब्याला म्हणायचं होतं," अक्का सावकाश म्हणाल्या, "की तुला?"

पळवाट समोर होती. बाब्याला, म्हटलं की झालं.

"मला," थोरली म्हणाली. "त्यांना चालेल तुम्ही आलात तर. मला दोघांनीच जायचंय."

"का?"

"बोलायचंय त्यांच्याशी."

"इथे कुणी तोंड धरलंय का तुझं?"

"इथे सगळे असतात, अक्का. सगळे असले की ते सगळ्यांचे असतात."

अक्कांनी पोशाखाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. वसतिगृहात मुलीने रात्री खिडकीतून पळून गेल्याचं कबूल केल्यावरही त्या अशाच घड्या घालत असतील.

"तुझ्या लेकीला घेऊन गेले तेव्हा," त्या शेवटी म्हणाल्या, "मी विचारलं नव्हतं. आपण की आम्ही."

हे येणार, हे थोरलीला माहीत होतं. तरी लागलं.

"नाही विचारलंत. आणि मी तेव्हा काय केलं? काहीच नाही. ते विसरणार नाही मी." ती पलंगावर अक्कांच्या शेजारी बसली. "पण त्याची फेड म्हणून तुम्हाला नेलं, तर ते तुम्हाला आवडेल?"

बाहेर डाव संपला असावा. पत्ते पिसल्याचा आवाज आला, टेलरबाईचं मशीन नव्हतं म्हणून तिच्या तोंडचं गुणगुणणं आलं.

"नाही," अक्का म्हणाल्या. आणि मग, नाक पुसून, "मुळीच नाही आवडणार. शी."

"अक्का—"

"थांब. पण मी बॅग घेऊन परत जाणार नाही, कान उघडे ठेवून ऐक. सुनेला सांगून आलेय, भाऊ-भावजय माझ्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. शेजारणीलाही सांगितलंय. बुटांच्या दुकानदारालासुद्धा सांगितलंय! आता संध्याकाळी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मग इथे राहा."

"इथे?"

"आम्ही आठ दिवस नाहीच. घर रिकामं."

अक्कांनी खोलीकडे पाहिलं. खिडकी, पलंग, कपाट. मुलाच्या घरी त्या हॉलमध्ये झोपायच्या. सकाळी सात वाजता त्यांचा पलंग मिटून त्याचा सोफा व्हायचा आणि त्यावर नातवंडं दूध सांडायची. दार असलेली खोली त्यांना क्वार्टर सोडल्यापासून मिळाली नव्हती.

"एकटी?"

"एकट्या."

"टीव्ही?"

"रिमोट तुमचा. आवाजही तुमचा."

"सकाळी कुणी उठवणार नाही?"

"इथे उठवणारं कोण आहे?"

अक्कांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते थोरलीने कधी पाहिलं नव्हतं. नव्या बुटांपेक्षाही नवं होतं. पण रेक्टर लगेच परत आल्या. "सुनेचा फोन आला तर? विचारेल, तळं कसं आहे."

"आंघोळ करताना उचला. म्हणा, पाणी छान आहे."

अक्कांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग पलंग. दोघी तोंडावर उशी दाबून इतक्या हसल्या, की टेलरबाई सुई हातात घेऊन धावत आली.

"काय झालं? कोण रडतंय?"

"कुणी नाही," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. बाहेर आल्या, टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या, डोकी मोजली. "बाब्या, ऐक. मी नाही येत. तळंबिळं मला नको. डास असतात म्हणे."

"मी तेच सांगत होतो!" कंडक्टर म्हणाला.

"तू गप्प बस. आणि बाब्या, पुन्हा फोन करशील तेव्हा आधी बायकोला विचार, कुठला शब्द वापरू. मग डायल कर."

थोरल्याने हातातले पत्ते उलटे धरले होते. सगळ्यांना त्याचे एक्के दिसत होते. "म्हणजे... आता... कोण कोण?"

"खेळ तू," टेलरबाई म्हणाली.

दोघं

संध्याकाळी थोरला-थोरली कंडक्टरला आणि टेलरबाईला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. बस येईपर्यंत कंडक्टरने नव्या कंडक्टरांना नावं ठेवली, टेलरबाईने थोरलीचा दंड दाबला आणि "मला सगळं सांगायचं, माप घेऊन" असं बजावलं. मग ते गेले. परत येताना थोरला म्हणाला, "बरं जेवण झालं." थोरली म्हणाली, "हो." मग कोपऱ्यापर्यंत काही नाही.

घराची किल्ली अक्कांकडे दिलेली. थोरल्याने बेल वाजवली. आतून टीव्हीचा प्रचंड आवाज येत होता, कुणीतरी कुणालातरी धावत्या घोड्यावरून धमक्या देत होतं, आणि त्यावर अक्कांचं टाळ्या पिटून हसणं. थोरल्याने पुन्हा बेलकडे हात नेला.

"राहू दे," थोरली म्हणाली. "त्यांना घोड्यावरून उतरू दे. बसू जरा."

दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. शेजारी शेजारी. वरच्या खिडकीतून मावळतीचा थोडा उजेड येत होता. थोरल्याने गुडघे चोळले. घसा खाकरला. 

"अक्का खरंच नाही म्हणाली?"

"मी नाही म्हटलं."

"तू?" तो तिच्याकडे वळला आणि लगेच पुन्हा पुढे बघायला लागला. "मला वाटलं, तुला चालेल."

"तुम्हाला काय हवं होतं?"

"मला..." त्याने बोटं मोडली. एक, दोन, तिसरं मोडेना. "मला वाटलं, आली तर बरं. म्हणजे, नाही आली तर मी... तिथे आठ दिवस तुझ्यासमोर बसायचं. आणि तू बघणार माझ्याकडे. मला काय बोलायचं तेच कळणार नाही. आत्ता लेक म्हणाली ना."

"मग सगळ्यांसमोर कसं कळतं?"

"सगळे मागे असतात गं." तो इतक्या पटकन म्हणाला, की त्यालाच आश्चर्य वाटलं. "मी पुढे बघत असतो. रस्त्याकडे. मागे कोण ऐकतंय, झोपलंय, बघायला लागत नाही. टेबलाशी बसूनसुद्धा मी कुठेतरी भिंतीकडेच बघून बोलतो. समोर तोंड आलं, की माझी गाडी बंद पडते."

थोरलीला हसू फुटणार होतं. फुटलं नाही. इतकी वर्षं तिने त्याचं बोलणं त्याच्या चेहऱ्यात शोधलं होतं. समोर बसून, जेवायला वाढून, डोळ्यांत बघून. आणि हा माणूस पाठीने बोलणारा निघाला.

"एक सांगू?" तो जिन्याच्या कठड्याला म्हणाला. "हसू नको. पहिली काही वर्षं रात्रीची फेरी असायची ना. सगळे झोपायचे. कंडक्टर तर सगळ्यात आधी. मग मी तुझ्याशी बोलायचो."

"माझ्याशी?"

"मोठ्याने. इथे आता नदी लागेल. इथे एक वेडं झाड आहे, रस्त्यात वाकलेलं. इथे जरा थंडी आहे, शाल घे. असं. तू मागच्या सीटवर बसलीयेस असं धरून."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"घरी आलो की तू समोर असायचीस."

आत घोडा पडला असावा; अक्का "अरेरे" म्हणाल्या, तो आवाज दारातून स्पष्ट आला. आता बेल वाजवली असती तर ऐकू गेली असती. थोरली उठली. थोरल्याला वाटलं, ती दाराकडे निघाली, म्हणून तोही उठायला लागला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, त्याला वळसा घातला, आणि त्याच्या मागच्या, वरच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून तिला त्याचं पांढरं झालेलं डोकं आणि कॉलरची दुमडलेली कड दिसत होती. कड तिने सरळ केली.

"हं," ती म्हणाली. "कुठे आलो?"

थोरला हलला नाही. समोर जिना खाली उतरत होता आणि वळणावर अंधारात जात होता. त्याने पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलून जरा पुढे धरले, आणि कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिला.

"थांब," तो म्हणाला. "एवढं वळण जाऊ दे."